एक शब्द टाकला, तर पूर्ण ॲप का कंपाइल व्हावं? मोठ्या मोबाइल कोडबेसचा बिल्ड ताळ्यावर आणण्याची पद्धत

"दादा, एक स्ट्रिंग टाकली फक्त, अन् पूरं ॲप कंपाइल करून राहिलं."

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीने खुर्ची माझ्याकडे वळवून हे सांगितलं. आमचं ऑफिस नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ आहे. ॲप मालवाहतुकीचं. वाडीचे ट्रान्सपोर्टवाले आणि ट्रकमालक त्यावर भाडं ठरवतात, पावत्या पाठवतात. तिने पावतीच्या स्क्रीनसाठी 'हमाली' हा एक नवा शब्द रिसोर्स फाइलमध्ये टाकला होता. आणि स्क्रीनवर एकामागून एक मॉड्यूलची, म्हणजे ॲपच्या वेगवेगळ्या तुकड्यांची, नावं सरकत होती: लॉगिन, नकाशा, पेमेंट, ड्रायव्हरची कागदपत्रं. यातल्या एकाचाही हमालीशी संबंध नव्हता.

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर शोधताना आम्ही जे जे केलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. आधी एक गोष्ट मनात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बिल्ड टूल, म्हणजे कोड कंपाइल करून (मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलून) ॲप बांधणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक कामाच्या इनपुटचा ठसा जपून ठेवतं. पुढच्या वेळी ठसा तोच निघाला तर ते काम सोडून देतं. ठसा बदलला, किंवा बदलला नाही याची खात्री पटली नाही, तर काम पुन्हा करतं. चुकीचं ॲप बनण्यापेक्षा उशीर बरा, असा त्याचा हिशेब. म्हणून बिल्ड रेंगाळतो तेव्हा बहुतेक वेळा दोष मशीनच्या वेगाचा नसतो. कोण कशावर अवलंबून आहे हे आपण टूलला नीट सांगितलेलं नसतं, म्हणून ते सगळंच संशयाने पाहतं.

आधी मोजा, आणि सकाळी मोजा

'बिल्ड स्लो आहे' या वाक्यावर कोणतीही सुधारणा करू नका. चार वेगवेगळे आकडे काढा. पहिला, काहीही न बदलता पुन्हा बिल्ड केला तर किती वेळ जातो. दुसरा, एखाद्या फंक्शनच्या आतली एक ओळ बदलली तर किती. तिसरा, खालच्या मॉड्यूलमधल्या पब्लिक फंक्शनची सही, म्हणजे त्याचे पॅरामीटर किंवा परतीचा टाइप, बदलली तर किती. चौथा, सगळं पुसून पहिल्यापासून बांधलं तर किती. लोक चौथ्या आकड्यावरच बोलत बसतात. दिवसभरात आपण करतो ते मात्र पहिले तीन. त्यातही पहिला आकडा सगळ्यात बोलका आहे. काहीच बदललेलं नसताना कंपाइलर चालत असेल, तर कुठेतरी निश्चित काहीतरी चुकलेलं आहे.

प्रत्येक मोजणी निदान चार-पाचदा करा आणि पहिली सोडून द्या. ग्रेडल हे अँड्रॉइडचं बिल्ड टूल, आणि त्याचा डीमन म्हणजे मागे चालू राहणारी जावाची प्रोसेस. ती नुकतीच उठलेली असते तेव्हा मंद असते, चार बिल्ड झाले की गरम होऊन वेग धरते. हे हाताने करायचा कंटाळा येत असेल तर ग्रेडलवाल्यांचंच 'ग्रेडल प्रोफायलर' नावाचं टूल आहे. कोणत्या फाइलमध्ये सही बदलायची, कोणत्या फाइलमध्ये फक्त आतला भाग, हे त्याला एकदा लिहून दिलं की ते स्वतःच फाइल बदलून पुन्हा पुन्हा बिल्ड करतं आणि आकडे देतं.

आता नागपूरकरांसाठी खास सूचना. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. पंखा नसलेला लॅपटॉप दुपारी दोन वाजता दहा मिनिटं सलग कंपाइल करायला लावला, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. आम्ही एका दुपारी कॅशची, म्हणजे झालेलं काम साठवून ठेवण्याची, सेटिंग बदलली, आकडा वाढला म्हणून ती परत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तीच सेटिंग लावून पाहिली तर आकडा चांगला खाली आला. दोष सेटिंगचा नव्हता, उन्हाचा होता. म्हणून तुलना करायची असेल तेव्हा दोन्ही मोजण्या एकाच वेळी, एकाच खोलीत, चार्जर लावून करा. आणि लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा थंड असते, पण ओली असते.

विंडोज मशीन असेल तर अँटीव्हायरस बघा. बिल्डमध्ये हजारो छोट्या फाइली लिहिल्या-वाचल्या जातात आणि रिअल टाइम स्कॅनिंग त्यातली प्रत्येक फाइल उघडून तपासत बसतं. प्रोजेक्टचा फोल्डर, ग्रेडलचा कॅश आणि एसडीकेचा (अँड्रॉइडच्या टूल्सचा) फोल्डर त्यातून वगळायची सूचना अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे आपला एडिटर, स्वतः दाखवतो. बरेच जण ती खिडकी न वाचताच बंद करतात.

कोणतं काम का चाललं, हे टूललाच विचारा

आकडे हातात आले की कारण शोधायचं. ग्रेडलला बिल्ड स्कॅनचा किंवा प्रोफाइलचा पर्याय देऊन बिल्ड चालवा. अहवालात प्रत्येक टास्कपुढे त्याची स्थिती दिसते: चाललं, आधीच ताजं होतं, की कॅशमधून आलं. मग 'इन्फो' पातळीचा लॉग लावून पुन्हा चालवा. तिथे टूल सरळ वाक्यात सांगतं की अमुक इनपुट बदलला म्हणून हे टास्क चालवलं. माझ्या मते अँड्रॉइडच्या कामातला सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी मजकूर हाच.

हमालीचं कोडं आम्ही इथेच सोडवलं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक रिसोर्सला 'आर' नावाच्या क्लासमध्ये एक नाव मिळतं. असलेल्या स्ट्रिंगचा मजकूर बदलला तर त्या नावांची यादी तीच राहते, त्यामुळे कोटलिनचा (ॲप ज्या भाषेत लिहिलं आहे तिचा) कंपाइलर हलत नाही. नवी स्ट्रिंग टाकली की यादीत नाव वाढतं. इथवर ठीक आहे. जुन्या पद्धतीत मात्र प्रत्येक मॉड्यूलच्या आर क्लासमध्ये त्याच्या खालच्या सगळ्या मॉड्यूलची नावंही येऊन पडतात. ती स्ट्रिंग आमच्या 'कॉमन' नावाच्या मॉड्यूलमध्ये होती आणि कॉमन सगळ्यांच्या तळाशी. म्हणजे एक नाव वाढलं आणि वरच्या प्रत्येक मॉड्यूलचा आर क्लास बदलला.

यावरचा उपाय म्हणजे नॉन-ट्रान्झिटिव्ह आर क्लास. प्रत्येक मॉड्यूलने फक्त स्वतःची नावं ठेवायची. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिनच्या ८.० पासून, म्हणजे २०२३ पासून, हे आपोआप चालू असतं. मग आमच्याकडे बंद का होतं? प्लगिन वर नेताना स्टुडिओचा अपग्रेड असिस्टंट जुनं वागणं टिकवण्यासाठी ग्रेडल प्रॉपर्टीज फाइलमध्ये ते बंद करणारी ओळ टाकतो. ती ओळ तिथे तशीच पडून होती. तुमचं ॲप चार-पाच वर्षांचं असेल तर आत्ता ती फाइल उघडून पाहा. ओळ काढल्यावर जिथे दुसऱ्या मॉड्यूलचा रिसोर्स वापरला आहे तिथे कोड तुटेल. स्टुडिओच्या रिफॅक्टर मेनूत त्यासाठी तयार पर्याय आहे, तो सगळीकडे पूर्ण नावं लिहून देतो. हा बदल एका वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वेगळ्या नोंदीत, करा. त्यात दुसरं काही मिसळलं तर रिव्ह्यू करणाऱ्याचे हाल होतात.

काहीच बदललं नाही, तरीही चालतं?

आमचा पहिला आकडा, म्हणजे काहीही न बदलता केलेला बिल्ड, तरीही वाईट होता. लॉगमध्ये सापडलं की 'बिल्ड कॉन्फिग' क्लासचा एक इनपुट दर वेळी बदलतो. कोणीतरी कधीकाळी 'ॲपविषयी' या स्क्रीनवर बिल्डची तारीख आणि वेळ दाखवण्यासाठी त्या क्लासमध्ये चालू घड्याळाची वेळ भरली होती, तीही मिलिसेकंदासकट. हेतू चांगला होता. पण त्यामुळे प्रत्येक बिल्ड टूलच्या नजरेत नवाच ठरत होता. तो क्लास तळाच्या मॉड्यूलमध्ये असल्यामुळे त्याच्यावर टेकलेलं सगळं पुन्हा तपासलं जात होतं.

दुरुस्ती सोपी आहे. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे रोज स्वतः तपासायच्या बिल्डमध्ये, वेळ आणि कमिट क्रमांकाच्या जागी एक ठरलेला शब्द टाका. खरी वेळ फक्त सीआयवरच्या (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवरच्या) रिलीज बिल्डमध्ये भरा. व्हर्जन कोड गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलच्या) कमिट मोजून काढत असाल तर त्यालाही हाच नियम.

हे साफ केल्यावरच ग्रेडलचा कॉन्फिगरेशन कॅश चालू करा. ग्रेडलचा बिल्ड दोन टप्प्यांत चालतो. आधी सगळ्या मॉड्यूलच्या स्क्रिप्ट वाचून कोणती टास्क लागतील ते ठरवायचं, मग ती चालवायची. मॉड्यूल वाढले की पहिल्याच टप्प्यात बराच वेळ जातो आणि तो दर वेळी जातो. कॉन्फिगरेशन कॅश त्या टप्प्याचा निकाल जपून ठेवतो. ग्रेडल ८.१ मध्ये, २०२३ साली, तो स्थिर म्हणून जाहीर झाला. स्क्रिप्ट वाचली जात असतानाच गिटसारखी बाहेरची कमांड चालवली असेल तर तो तक्रार करतो. ती तक्रार दाबून टाकू नका, ग्रेडलच्या प्रोव्हायडरमार्फत कमांड चालवायची पद्धत वापरा. एखादं जुनं प्लगिन आडवं येत असेल तर त्याची नवी आवृत्ती बघा. नसेलच, तर ते प्लगिन खरंच हवं आहे का हा प्रश्न टीममध्ये विचारा. आमच्याकडच्या एका प्लगिनबद्दल हा प्रश्न विचारला तेव्हा ते कशासाठी आणलं होतं हे कोणालाच आठवेना.

कंपाइलरला काय दिसतं, काय दिसत नाही

एका मॉड्यूलच्या बाहेरून जे दिसतं, त्याला त्या मॉड्यूलचा एबीआय म्हणतात: पब्लिक क्लास, फंक्शनची नावं, पॅरामीटर, परतीचे टाइप. घराच्या आत भिंतीला रंग दिला तर शेजाऱ्याला फरक पडत नाही, पण फाटक हलवलं तर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचा रस्ता बदलतो. कंपाइलर हेच बघतो. फंक्शनच्या आतला कोड बदलला तर वरची मॉड्यूल्स सुटतात. सही बदलली तर त्यांची पाळी येते.

यातून रोजच्या कामातल्या तीन सवयी निघतात.

जे बाहेर लागत नाही ते 'प्रायव्हेट' किंवा 'इंटर्नल' करा. कोटलिनमध्ये काहीच लिहिलं नाही तर ते पब्लिक असतं, त्यामुळे नकळत फाटकं वाढत जातात.

पब्लिक 'इनलाइन' फंक्शन जपून वापरा. त्याचा आतला मजकूर वापरणाऱ्याच्या कोडमध्ये जाऊन बसतो, म्हणून आतली ओळ बदलली तरी ती बाहेरचाच बदल ठरते. तळाच्या मॉड्यूलमध्ये मोठमोठी इनलाइन फंक्शन असतील तर त्यांच्यातलं मुख्य काम साध्या फंक्शनमध्ये काढा आणि इनलाइनचं फक्त पातळ आवरण ठेवा.

डिपेंडन्सी, म्हणजे मॉड्यूल कशावर अवलंबून आहे ते, लिहिताना 'एपीआय' आणि 'इम्प्लिमेंटेशन' यांतला फरक पाळा. ही विभागणी अँड्रॉइड प्लगिनच्या ३.० सोबत २०१७ मध्ये आली, पण अजून कितीतरी प्रोजेक्टमध्ये 'एरर आला म्हणून एपीआय केलं' असं दिसतं. एपीआय लिहिलं की ती लायब्ररी तुमच्या मॉड्यूलमधून पलीकडच्यांनाही दिसू लागते, आणि तिच्यातला बदल त्यांच्यापर्यंत पोचतो. तुमच्या पब्लिक फंक्शनच्या सहीत त्या लायब्ररीचा टाइप येत असेल तरच एपीआय. नाहीतर इम्प्लिमेंटेशन. न वापरलेल्या आणि चुकीच्या प्रकारे लिहिलेल्या डिपेंडन्सी शोधून देणारं ओपन सोर्स ग्रेडल प्लगिनही मिळतं. पहिल्यांदा चालवाल तेव्हा यादी बघून घाबरू नका, रोज एक मॉड्यूल घ्या.

आता कॅप्टविषयी, कारण इथे खरंच मोठा फायदा आहे. हिल्ट, रूम यांसारख्या लायब्ररी ॲनोटेशन, म्हणजे कोडवर लावलेल्या खुणा, वाचून कोड तयार करतात. कॅप्ट हे काम करताना आधी तुमच्या कोटलिन कोडचे जावातले सांगाडे बनवतं, कारण हा कोड तयार करणारे जुने प्रोग्राम (ॲनोटेशन प्रोसेसर) जावाच वाचू शकतात. ते सांगाडे बनवणं हाच महाग भाग आहे. त्याच्या जागी वापरायचं केएसपी कोटलिन थेट वाचतं, सांगाडे लागत नाहीत. ते दुपटीपर्यंत वेगवान असू शकतं असं गूगलचं दस्तऐवजीकरण सांगतं. पण एक अट लक्षात ठेवा: एका मॉड्यूलमधला एक जरी प्रोसेसर कॅप्टवर राहिला, तरी सांगाडे बनतातच. त्या मॉड्यूलमध्ये केएसपी आणि कॅप्ट दोन्ही चालतात आणि वेळ उलट वाढू शकतो. म्हणून लायब्ररीनुसार बदलू नका, मॉड्यूलनुसार बदला. एक मॉड्यूल पूर्ण मोकळं करा, मग पुढचं. डेटा बाइंडिंग (स्क्रीनला डेटा जोडण्याची एक पद्धत) वापरत असाल तर तिथे कॅप्ट सुटत नाही. त्या स्क्रीन व्ह्यू बाइंडिंगवर किंवा कंपोजवर नेणं हे वेगळं काम आहे, त्याचा अंदाजही वेगळाच धरा.

आणि कोटलिन २.० वर अजून गेला नसाल तर जा. मे २०२४ मध्ये त्याच्यासोबत के-टू हा नव्याने लिहिलेला कंपाइलर आला.

मॉड्यूल कुठे कापायचं

आपल्या मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही लाइन सीताबर्डी इंटरचेंजला भेटतात. तिथे काही अडलं तर खापरीकडे जाणाराही थांबतो आणि लोकमान्य नगरकडे जाणाराही. बहुतेक ॲपमध्ये 'कॉमन', 'कोअर' किंवा 'युटिल्स' नावाचं मॉड्यूल हेच असतं. तारीख छापायचं फंक्शन, नेटवर्कचा कोड, रंग, बटणं, ग्राहकाचा डेटा क्लास, सगळं त्यात. जो तो त्यावर टेकलेला. त्यात एक सही बदलली की सगळी गाडी थांबते.

कापायला सुरुवात करण्याआधी गिटच्या इतिहासातून गेल्या सहा महिन्यांत कोणत्या फाइली सर्वाधिक वेळा बदलल्या याची यादी काढा. ती यादी आणि डिपेंडन्सीचा आलेख शेजारी ठेवा. जे वारंवार बदलतं आणि ज्याच्यावर खूप जण टेकलेले आहेत, तिथेच सुरी लावायची. क्वचित बदलणारं मॉड्यूल कितीही मोठं असलं तरी त्याला हात लावू नका, ते एकदा कंपाइल होऊन कॅशमध्ये बसलेलं असतं. आमच्या यादीत सर्वात वर होता भाडं मोजण्याचा कोड, कारण दर सारखे बदलत. तो कॉमनमध्ये होता आणि त्याची खरी गरज दोनच स्क्रीनना होती. तेवढाच उचलून वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवला आणि रोजचा फरक टीममधल्या सगळ्यांना जाणवला.

दुसरा मुद्दा आलेखाच्या आकाराचा. अ वर ब, ब वर क, क वर ड अशी उंच उतरंड असेल तर मशीनला आठ कोअर असून उपयोग नाही, एकामागून एकच काम होणार. आलेख बुटका आणि रुंद हवा. त्यासाठी प्रत्येक फीचरचे दोन भाग करतात: एक छोटं मॉड्यूल फक्त इंटरफेसचं, दुसरं त्यामागच्या प्रत्यक्ष कोडचं. पेमेंटला पावतीची स्क्रीन उघडायची असेल तर पेमेंट फक्त पावतीच्या इंटरफेसवर अवलंबून राहतं. दोन्ही कोड मॉड्यूल एकमेकांना ओळखत नाहीत, शेजारी शेजारी कंपाइल होतात, आणि त्यांची गाठ फक्त वरच्या ॲप मॉड्यूलमध्ये पडते.

पण हेही सांगतो: सहा-सात जणांच्या टीमने दोनशे मॉड्यूल करू नयेत. प्रत्येक मॉड्यूल स्वतःची स्क्रिप्ट, स्वतःची टास्क आणि स्वतःचा सिंकचा वेळ घेऊन येतं. सारख्या स्क्रिप्ट कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा समान सेटिंग एका कन्व्हेन्शन प्लगिनमध्ये ठेवा, म्हणजे निदान त्या एका जागी बदलता येतील.

आयफोनच्या बाजूला

स्विफ्ट या आयफोनच्या भाषेचं दुखणं थोडं वेगळं आहे. इथे बराच वेळ टाइप ओळखण्यात जातो. आमच्या आयओएस कोडमध्ये भाड्याची एक ओळ होती: किलोमीटर गुणिले दर, अधिक वजन गुणिले अर्धा, अधिक रात्र असेल तर २०० नाहीतर शून्य, वजा सवलत, आणि सवलत नसेल तर शून्य. माणसाला वाचायला सोपी. पण स्विफ्टमध्ये नुसता २०० हा आकडा इंट (पूर्णांक) असू शकतो, डबल (दशांश) असू शकतो, सीजीफ्लोटही असू शकतो. अधिकच्या चिन्हाचे कितीतरी अर्थ आहेत. कंपाइलर या सगळ्यांच्या जोड्या लावून पाहतो आणि जोड्या गुणाकाराने वाढतात. शेवटी तो हात टेकतो आणि सांगतो की हे एक्स्प्रेशन ठीक वेळेत तपासता येत नाही, तुकडे करा. त्याहून त्रासदायक म्हणजे ज्या ओळी जेमतेम वेळेत बसतात त्या. एरर येत नाही, पण रोज वेळ खातात.

त्या पकडायला एक्सकोडच्या (ॲपलच्या एडिटरच्या) बिल्ड सेटिंगमधल्या 'अदर स्विफ्ट फ्लॅग्ज' मध्ये फ्रंटएंडचे दोन इशारे लावा: एक लांब चालणाऱ्या एक्स्प्रेशनसाठी, एक लांब चालणाऱ्या फंक्शनसाठी. मर्यादा १०० मिलिसेकंद ठेवा. जिथे पिवळा इशारा दिसेल तिथे ओळीचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागाला टाइप लिहा. आम्ही भाड्याच्या ओळीचे अंतरभाडं, वजनभाडं, रात्रभत्ता असे तुकडे केले, प्रत्येकाला डबल लिहिलं, इशारा गेला. कोडही वाचायला बरा झाला. स्विफ्टयूआयमध्ये लांबलचक 'बॉडी' असेल तर तीही याच कारणाने जड होते, तिचे छोटे व्ह्यू काढा.

बाकी सेटिंग पटकन तपासून घ्या. डीबगमध्ये कंपाइलेशन मोड 'इन्क्रिमेंटल', रिलीजमध्ये 'होल मॉड्यूल'. डीबगमध्ये फक्त चालू आर्किटेक्चर बांधायचं. डीबगमध्ये डीसिम (क्रॅशचा अहवाल वाचायला लागणारी) फाइल बनवायची गरज नाही. एक्सकोडच्या प्रॉडक्ट मेनूतून टायमिंग समरीसह बिल्ड केला की कोणत्या प्रकारच्या कामाला किती वेळ गेला ते लॉगच्या तळाशी दिसतं. तुमची एखादी रन स्क्रिप्ट दर वेळी चालत असेल तर तिचे इनपुट आणि आउटपुट लिहून द्या. न लिहिल्यास एक्सकोडही ग्रेडलसारखाच संशयाने वागतो.

मॉड्यूल करताना प्रत्येकाचं डायनॅमिक फ्रेमवर्क करू नका. ॲप उघडताना ती एकेक करून लोड होतात आणि सुरुवात रेंगाळते. ॲपलने २०१६ च्या डब्ल्यूडब्ल्यूडीसी या आपल्या डेव्हलपर परिषदेतच अर्धा डझनाच्या आसपास राहायला सांगितलं होतं. स्टॅटिक ठेवा. टीममध्ये तीनपेक्षा जास्त जण एकाच प्रोजेक्ट फाइलवर काम करत असाल तर एक्सकोडजेन किंवा ट्यूइस्टने ती फाइल तयार करून घ्या. मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवण्यात जाणारी संध्याकाळ वाचते.

साइजकडेही लक्ष असू द्या. उबरने २०१६ मध्ये आपलं रायडर ॲप स्विफ्टमध्ये नव्याने लिहिलं, तेव्हा मोबाइल डेटावर डाउनलोड होण्याची ॲपलची मर्यादा १०० एमबी होती, आणि वाढत्या बायनरीने त्यांच्या इंजिनिअरांची झोप उडवली. पुढे ती मर्यादा १५० आणि मग २०० एमबी झाली. आपल्याकडे ट्रकवाल्याचा फोन जुना असतो आणि जागा भरलेली असते, त्यामुळे मर्यादा कागदावर सैल झाली तरी आपल्यासाठी ती तशीच आहे.

एडिटर अडखळतो तेव्हा मेमरीचा हिशेब मांडा

इथे मला मिहान आणि बुटीबोरीकडच्या कॉलेजांतून येणाऱ्या फ्रेशर्सचा विचार येतो. बहुतेकांचा लॅपटॉप ८ किंवा १६ जीबीचा. कोणीतरी सांगतं, ग्रेडलला ८ जीबी दे, वेग वाढेल. मुलगा तसं करतो आणि मशीन गोठतं.

कारण असं आहे. अँड्रॉइडच्या कामात मेमरी खाणारे तीन मोठे जावा प्रोसेस असतात: स्टुडिओ स्वतः, ग्रेडलचा डीमन आणि कोटलिनचा डीमन. कोटलिन डीमनसाठी वेगळी मर्यादा लिहिली नाही, तर तो ग्रेडलचीच मर्यादा उचलतो. म्हणजे ग्रेडलला ८ लिहिले की दोघे मिळून १६ पर्यंत जाऊ शकतात. वर स्टुडिओ, वर एम्युलेटर, वर ब्राउझर. मग सिस्टिम डिस्कवर अदलाबदल करू लागते आणि सगळंच मंदावतं. १६ जीबीच्या मशीनवर आम्ही ग्रेडलला ४, कोटलिनला वेगळी ओळ लिहून २ आणि स्टुडिओला ३ जीबी ठेवतो, आणि एम्युलेटरऐवजी केबलने जोडलेला खरा फोन वापरतो. तुमचा आकडा वेगळा येईल. स्टुडिओच्या खालच्या पट्टीत मेमरीचा मीटर दिसायला लावा आणि त्याच्याकडे बघून ठरवा.

एडिटरमधली पूर्तता, म्हणजे बिंदू दिल्यावर येणारी यादी, उशिरा येत असेल तर फाइलची लांबी बघा. तीन हजार ओळींच्या फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी विश्लेषकाला बरंच पुन्हा तपासावं लागतं. पब्लिक फंक्शनला परतीचा टाइप स्पष्ट लिहिलेला असला की त्याला आत शिरून शोधावं लागत नाही. तो टाइप वाचणाऱ्या माणसालाही उपयोगी पडतो, म्हणून मी रिव्ह्यूमध्ये तो आग्रहाने मागतो.

फ्लटरवर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवणाऱ्या टूलवर) काम करणाऱ्यांना हॉट रिलोडमुळे, म्हणजे पूर्ण बिल्ड न करता बदल दाखवणाऱ्या सोयीमुळे, हा त्रास उशिरा कळतो. तिथे वेळ खातो तो कोड तयार करणारा बिल्ड रनर. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये कोणत्या फोल्डरसाठी कोड तयार करायचा ते नेमून द्या, नाहीतर तो सगळ्या फाइली चाळत बसतो.

कॅश सगळ्यांनी वाटून घ्यायचा

तुमच्या शेजारच्याने सकाळी जे कंपाइल केलं, ते तुम्ही दुपारी पुन्हा का करावं? ग्रेडलचा रिमोट बिल्ड कॅश याच कामाचा. नियम एकच आणि तो मोडू नका: कॅशमध्ये लिहायचं फक्त सीआयने, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. कोणाच्या तरी मशीनवरचं बिघडलेलं आउटपुट सगळ्यांकडे पसरलं की ते शोधण्यात दिवस जातो.

कॅश लागत नसेल तर दोन गोष्टी तपासा. सगळ्यांचं जेडीके (जावाचा टूलसंच) एकच आहे का? ग्रेडलच्या टूलचेनमध्ये आवृत्ती नेमून द्या. आणि एखाद्या टास्कच्या इनपुटमध्ये पूर्ण पत्ता, म्हणजे युजरच्या नावासकट फोल्डरचा मार्ग, शिरला आहे का? तसं असेल तर प्रत्येकाचा ठसा वेगळा निघतो. घरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करताना मात्र रिमोट कॅश बंद करून पाहा. कंपाइल करण्यापेक्षा डाउनलोडलाच जास्त वेळ लागतो असं होतं.

बेझल आणि बक या ग्रेडलऐवजी वापरता येणाऱ्या बिल्ड टूल्सबद्दल नेहमी विचारणा होते. फेसबुकने बक २०१३ मध्ये खुलं केलं आणि रस्टमध्ये नव्याने लिहिलेलं बक-टू २०२३ मध्ये. गूगलने आपल्या आतल्या टूलवरून बेझल २०१५ मध्ये आणलं. ही टूल्स डिपेंडन्सी न चुकता लिहायला भाग पाडतात आणि काम अनेक मशीनवर वाटतात. पण त्यांची देखभाल हेच एका-दोघांचं पूर्णवेळ काम होतं. ते देता येत नसेल तर ग्रेडलवरच राहा. वरचं सगळं करूनही रोजचा बिल्ड असह्य असेल, तेव्हा विचार करा.

रिलीजच्या वेळचं थोडंसं

अँड्रॉइडचा फोन ज्या फाइलमधला कोड चालवतो, त्या एका डेक्स फाइलमध्ये ६५,५३६ मेथडचेच संदर्भ मावतात. अँड्रॉइड ५.० पासून पुढेच ॲप चालवायचं असेल तर अनेक डेक्स आपोआप बनतात, हा प्रश्न उरत नाही. आरएट हे कोड आक्रसण्याचं काम फक्त रिलीजमध्ये ठेवा. आणि 'या पॅकेजमधलं सगळं ठेव' असा कीप नियम दिसला तर तो कोणी, कशासाठी लिहिला ते विचारा. एवढी एक ओळ अर्धी लायब्ररी आक्रसण्यापासून वाचवून ठेवते.

मिळवलेलं टिकवायचं कसं

तीन महिन्यांत सगळं परत पहिल्यासारखं बिघडतं, कारण घाईत कोणीतरी पेमेंटमधून थेट नकाशाचा क्लास बोलावतं. म्हणून आम्ही सीआयमध्ये दोन तपासण्या टाकल्या. पहिली आलेखाची: एका फीचरच्या कोड मॉड्यूलने दुसऱ्या फीचरच्या कोड मॉड्यूलवर अवलंबून राहिल्यास बिल्ड नापास. दुसरी रिकाम्या बिल्डची: सीआय लागोपाठ दोनदा बिल्ड करतं, आणि दुसऱ्या वेळी एकही कंपाइलचं टास्क चाललं तर नापास. दुसरी तपासणी लिहायला तासभर लागला. घड्याळाची वेळ कोडमध्ये भरण्यासारख्या चुका ती त्याच दिवशी पकडते.

कधी अपवाद द्यावाच लागतो. रिलीज उद्या असते, दुरुस्तीला आठवडा लागणार असतो. तेव्हा अपवाद एका फाइलमध्ये लिहा, पुढे नाव आणि तारीख टाका, आणि ती तारीख उलटली की तपासणी पुन्हा नापास व्हावी अशी सोय करा. सध्या आमच्या त्या फाइलमध्ये दोन ओळी आहेत. त्यातली एक हमालीवाल्या ज्युनियरच्या नावावर आहे आणि ती शुक्रवारी संपते.